गळ्यातला लाकडी बूट

गास, ता. वसई
२१ नोव्हेंबर १९८२

प्रिय उर्सुला,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील, याची मला खात्री आहे. ठेव, पण फाडू नकोस. आणि मार्सेलकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या मुलाला त्याचा मामा काय होता हे कळायचं तेव्हा कळेल, ते तू ठरव. तू चौथीपर्यंतच का शिकलीस हे आपल्या दोघांना माहीत आहे. मी अक्षर सुटं काढतो आहे, तुला लागेल. सहा वर्षं तू या घराची पायरी चढली नाहीस, आणि चढावीस असं मीही काही केलं नाही.

मी फ्रान्सला जाऊन आलो हे नायगावात तुझ्या कानावर आलं असेल. आपल्या गावचा पीटर तिकडे ब्रिटनी नावाच्या प्रांतात एका खेड्याचा फादर आहे. माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला. मी निवृत्त झालो तेव्हा त्याने लिहिलं की सर, चौतीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून युरोप शिकवलात, आता एकदा डोळ्यांनी बघा. तिकिटाची सोयही त्यानेच केली. तुझ्या वहिनीने, हेलनने, लोकरीचा स्वेटर विणून दिला आणि मी जूनमध्ये निघालो.

ब्रिटनी कुठे आहे ते सांगतो. फ्रान्सचं एक नाकाड पश्चिमेला समुद्रात घुसलेलं आहे, तो हा मुलूख. तीन बाजूंना समुद्र. किनाऱ्याच्या पट्ट्याला तिथले लोक आर्मोर म्हणतात, म्हणजे समुद्राकडचा देश, आणि आतल्या रानाच्या भागाला आर्गोआत. घरं काळ्याकरड्या दगडाची. ओहोटीला होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात आणि दुपारी त्याच जागी माणूस बुडेल एवढं पाणी. शेतांना मातीचे उंच बांध, बांधांवर झाडं. आता यंत्रं फिरवायला म्हणून सरकारने पुष्कळ बांध मोडलेत आणि म्हातारी माणसं त्यावरून अजून कुरकुरतात. पीटरच्या गावात कांदा आणि फ्लॉवर पिकतो. समुद्रातलं शेवाळ गाड्या भरभरून आणून वाफ्यांत घालतात. पहिल्या सकाळी खिडकी उघडली तर तो कुजका खारट वास आला. आपल्या केळीत मासळीचं खत घातलं की येतो तसाच. मला क्षणभर वाटलं, तू मागच्या दारी काम करते आहेस. पूर्वी तिथले लोक कांद्याच्या माळा होडीत घालून इंग्लंडात दारोदार विकायला जात. आपल्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जातात तसं.

मला असं काही दिसलं की मी लगेच वहीत टिपून घ्यायचो. इतिहासही टिपला. दीड हजार वर्षांपूर्वी ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेली ही माणसं. त्यांची भाषा फ्रेंच नव्हे, ब्रेतॉन; तिचं नातं वेल्सच्या भाषेशी. शेकडो वर्षं त्यांचं स्वतःचं राज्य होतं. मग ॲन नावाची अकरा वर्षांची पोर गादीवर आली. तिला आधी फ्रान्सच्या एका राजाशी लग्न करावं लागलं, आणि तो मेल्यावर त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या राजाशी. शेवटी १५३२ साली ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली. आपली वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली. हा दोन वर्षांचा फरक सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पीटरला जेवता जेवता उठवून वही दाखवली. परत गेल्यावर यावर व्याख्यान द्यायचं, असं मनात पक्कं केलं. आपले काय हाल झाले हे शोधायला मला पार तिकडे जावं लागलं आणि तिथेही मी सनावळ्या जमवत होतो.

तिसऱ्या आठवड्यात पीटर मला गावातली जुनी शाळा दाखवायला घेऊन गेला. एकच खोली. आता तिथे संग्रहालय केलं आहे. बाकं, दौती, नकाशे. मास्तरांच्या टेबलामागे खिळ्याला सुतळीत ओवलेला एक लाकडी बूट टांगलेला होता, लहान मुलाच्या पायाचा. मला वाटलं, पूर्वीचे गरीब लोक असले बूट घालत असतील, म्हणून ठेवला असेल. पीटर म्हणाला, “घालत होते सर, पण हा पायात घालायचा नाही. जो मुलगा शाळेत ब्रेतॉन बोलेल त्याच्या गळ्यात हा बांधायचे. दुसरा कुणी बोलताना सापडला की पहिल्याने तो त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार.” हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

संग्रहालयाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या ल गॉफ नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी आम्हाला जेवायला बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, ताठ, स्वच्छ दाढी केलेले. ते त्याच गावचे, आई-बाप ब्रेतॉनच बोलणारे. टेबलावर पाव, डुकराचं मांस आणि मीठ घातलेल्या लोण्याचा मोठा गोळा. ते फ्रेंचमध्ये बोलत, पीटर मराठीत सांगे. बुटाचा विषय त्यांनीच काढला, हसत हसत. म्हणाले, “फार सोयीची वस्तू. मला खुर्चीवरून उठावंच लागायचं नाही. पोरंच एकमेकांवर पाळत ठेवायची. पहिल्या वर्षी शंभर वेळा फिरला तो, पाचव्या वर्षी दहा वेळाही नाही.” त्यांनी सुरीवर लोणी घेतलं, पावाला फासलं आणि बोट चाटलं. मग मला विचारलं, तुमच्याकडे अशी गावठी भाषा होती का, आणि तुम्ही काय करत होता.

उर्सुला, मी खोटं बोलू शकलो असतो. पण मला तेव्हा खोटं बोलावंसं वाटलं नाही, हीच खरी किळसवाणी गोष्ट आहे. मला अभिमान वाटला. दोन अनुभवी मास्तर बसले आहेत, असं वाटलं. मी म्हणालो, “माझ्याकडे पाटी होती. दोरी लावलेली. तिच्यावर खडूने लिहिलेलं असायचं, मी अशुद्ध बोलतो.” पीटरने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारा उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने मला मिठी मारली. काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणतात ते? पीटर म्हणाला, “म्हणतात, तुम्ही आमच्यातलेच.” आणि मग आपल्या घरच्या बोलीत, जी त्याने माझ्यासमोर जन्मात वापरली नव्हती, हळूच म्हणाला, “सर, ती पाटी मी पन घातलेली. नऊ दिवस.”

त्या माणसाच्या अंगाला साबणाचा आणि लोण्याचा वास येत होता. मी दार उघडून बाहेर गेलो आणि त्याच्या कांद्याच्या वाफ्यात ओकलो. ते पाणी घेऊन धावत आले, डुकराचं मांस सोसलं नसेल म्हणाले. मी हो म्हटलं. उरलेले तीन आठवडे मला लोणी बघवलं नाही. ते स्वयंपाकघरात नुसतं असलं तरी मला कळायचं.

कारण लोण्यावरूनच सुरुवात झाली होती. तुला आठवत असेल, मला मात्र ते तिथे जाऊन आठवावं लागलं. १९४९ साल, तू चौथीत, मी तुझा वर्गशिक्षक. दुधापासून काय काय होतं असं मी विचारलं आणि तू सगळ्यांच्या आधी हात वर करून म्हणालीस, लोनी. उत्तर बरोबर होतं. वर्ग हसला नव्हता, मी हसलो, म्हणून मग वर्ग हसला. पाटी त्याच आठवड्यात सुताराकडून करून आणली होती. पहिली कुणाच्या गळ्यात घालायची हे मी आधीच ठरवलं होतं, हेही आज सांगतो. मास्तर आपल्या बहिणीलाही सोडत नाही हे मला गावाला दाखवायचं होतं. मला पुण्याहून ट्रेनिंग घेऊन येऊन दोनच वर्षं झाली होती. तिथे माझ्या ‘पानी’ला हसले होते. मी रात्र-रात्र जागून जीभ घासून आणली होती आणि ती घाण आता मला दुसऱ्या कुणावर तरी टाकायची होती.

नंतरची मुलं अर्ध्या तासात पाटी पुढे द्यायची. तू दिली नाहीस. तुझ्या शेजारची नर्मदा दिवसभर तशीच बोलत होती आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. अकरा दिवस पाटी तुझ्याच गळ्यात राहिली आणि अकरा दिवस शाळा सुटताना मी तुझ्या हातावर छडी मारली. बाराव्या दिवशी तू आलीच नाहीस. दप्तर ओट्यावर ठेवलंस आणि कळशी घेऊन बागेला पाणी घालायला गेलीस. बाबांनी मला विचारलं, पोरीला काय झालं? मी म्हणालो, तिचं डोकं चालत नाही. हे वाक्य मी शुद्ध मराठीत बोललो होतो, उर्सुला. त्यात एकही चूक नव्हती.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या, पॉलिनच्या लग्नात मी पुन्हा तेच केलं. नवऱ्यामुलाकडचे लोक वांद्र्याचे, म्हणून मी तुला मांडवाच्या दाराशी गाठून सांगितलं की पाहुण्यांसमोर जरा कमी बोल. तू माझ्याकडे बघितलंस, हातातली फुलांची टोपली खाली ठेवलीस आणि गेलीस. तू गेलीस म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना हात धुवावेसे वाटतात.

मी परत आल्यावर, गेल्या महिन्यात, शाळेने माझा सत्कार केला. नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. शाल, श्रीफळ, आणि मानपत्रात ‘शुद्ध भाषेचे शिल्पकार’. माझा एक जुना विद्यार्थी आता मोठा अधिकारी आहे, तो भाषणात म्हणाला, “सरांच्या पाटीमुळे आम्ही माणसात आलो.” सगळे हसले, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, लुगड्यातली, शेतावरून सरळ आलेली. तीही टाळ्या वाजवत होती. मला त्या शालीचा वीट आला, नारळाचा आला, त्या पोराच्या घासूनपुसून काढलेल्या बोलण्याचा तर फारच, कारण तो हुबेहूब माझ्यासारखा बोलत होता. मी आभाराचं भाषण केलं. ब्रिटनीवर बोललो. १५३२ आणि १५३४ सांगितलं. बुटाचं सांगितलं नाही.

हे सगळं मी तुला क्षमा मागायला लिहितो आहे असं समजू नकोस. क्षमा मिळाली तर मी आणखी एक सत्कार झाल्यासारखा मिरवेन, मी मला ओळखतो. लिहायचं कारण वेगळं आहे, आणि ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आय आजारी आहे. पंधरा दिवस तिने अंथरूण सोडलेलं नाही, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. दिवसभर ती बोलत असते, आपल्या बोलीत, भरभरून, बहुतेक तुझ्याशीच. हेलन तिच्या उशाशी असते, तिला थोडं कळतं, थोडं नाही. पण मी खोलीत पाऊल टाकलं की आय थांबते. पदर सारखा करते. मग एकेक शब्द चाचपडत, परीक्षेला बसल्यासारखी, मला म्हणते, “मला आता बरे वाटते आहे. आपण जेवण केले का?” तिने मला ‘आपण’ म्हणायला कधी सुरुवात केली ते मला सांगता येत नाही. बहुधा किती तरी वर्षांपूर्वी, आणि मला ते आवडलं असणार. काल मी तिच्याजवळ बसून आपल्या बोलीत बोलायचा प्रयत्न केला. तेहतीस वर्षांनी. तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, “गरिबाची चेष्टा करू नये, मास्तर.” तिला वाटलं, मी तिची नक्कल करतो आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. तिच्याजवळ बस आणि तिच्याशी बोल, मोठ्याने बोल. मी बाहेर ओट्यावर बसेन, तिला दिसणार नाही असा. मला माझ्या आयचा आवाज एकदा ऐकायचा आहे.

तुझाच, तुला नकोसा झालेला भाऊ,
प्लासिड