कोऱ्या रकान्याचं शून्य

प्रिय ठमे,

तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. तोंडाने सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय.

कुठला कॉम्प्युटर गेम किती खपला याची यादी आमचं ऑफिस दर आठवड्याला छापतं आणि ती मी बनवतो, याचा घरी मी केवढा तोरा मिरवला! पाहुण्यांसमोर तू मला आकडेशास्त्री म्हणायचीस, तेव्हा मी वरवर रागवायचो आणि आतून सुखावायचो. यादी बनते कशी, हे मात्र कधी सांगितलं नाही. दहातली सहा दुकानं आकडे पाठवतात, उरलेल्या चारांचे आम्ही अंदाजाने धरतो. जे गेम लोक थेट इंटरनेटवरून विकत घेतात, त्यांची मोजदाद फक्त विकणाऱ्या कंपनीकडे. तिची मर्जी असेल तर ती कळवते, नाहीतर आमचा रकाना कोरा. बेरजेत कोरा रकाना शून्य धरला जातो. आणि वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'एकूण विक्री'.

तुझा गेम आला तेव्हा मी डब्यातली भाजी खात खात यादी तपासत होतो. गेममधली हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसातली ती म्हातारी, तिला आपल्या आईने दिलेला आवाज, तुम्ही दोघी मैत्रिणींनी त्यावर घालवलेली तीन वर्षं, सगळं ठाऊक होतं मला. तुझा इंटरनेट-विक्रीचा रकाना कोरा दिसला. जेवण उरकून बघू म्हटलं, आणि बघितलंच नाही. दोन हजार एकशे चाळीस, असं छापून गेलं.

महिन्याभराने तू तोच कागद घेऊन माझ्याकडे आलीस. तुमचा गेम विकणाऱ्या वितरकाने तो तुमच्यापुढे टाकून, लोकांना गेम आवडला नाही, असं सांगितलं होतं. तू चप्पलही न काढता दारातच विचारलंस, "दादा, हा आकडा खरा आहे ना?"

मी म्हणालो, "छापलाय म्हणजे खराच असणार."

अंदाज आहे, एवढे दोनच शब्द बोलायचे होते गं. पण मग माझं आकडेशास्त्रीपण कुठे राहिलं असतं? तू मान हलवलीस, पाणीही न पिता गेलीस. नंतर कळलं, मैत्रिणीने दुसरी नोकरी धरली आणि तू तुमची कामाची खोली रिकामी केलीस.

वर्षअखेरीला वितरक कंपन्या एकदाच पूर्ण आकडे पाठवतात. तुझ्या वितरकाचेही आले. इंटरनेटवर तुझे एकोणतीस हजार गेम खपलेत, ठमे. मला हे कळून सतरा दिवस झाले. दुरुस्ती छापायची तर चूक कुणाची, ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. लाज वाटते लिहिताना.

काल आई सहज बोलून गेली की सोमवारी तू गेमचे सगळे हक्क त्याच वितरकाला मिळेल त्या किमतीत देऊन टाकणार आहेस. सही करू नकोस. त्याला खरा आकडा पहिल्यापासून माहीत होता. करारात विक्रीचा तपशील मागायचा हक्क असेल, तो लेखी माग. नाहीच म्हणाला तर हे पत्र दाखव. मी आज साहेबांना सगळं लिहून दिलंय, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मला माफ कर, असं म्हणत नाही. फक्त सोमवारच्या आत हे वाच.

तुझाच,
दादा