कॅन्सरच्या पेशी आणि आईने पाठवलेली मांडी

१ डिसेंबर, अल्माटी
आजपासून शिस्त. कॅन्सरच्या पेशी हावरट, लोखंड साठवून ठेवतात. आपण औषधाने त्यांचं संरक्षण काढायचं, की त्याच लोखंडाने त्यांच्या आवरणातली चरबी खवट होते आणि पेशी मरते. सोपं आहे. वीस तारखेला लॅबच्या प्रमुख रौशान मॅडमना मेलेल्या पेशी दाखवायच्या. नव्या गटाचा प्रमुख मी किंवा शेजारच्या टेबलावरची आसेल. म्हणजे मीच.

४ डिसेंबर
आईने गावाहून हिवाळ्याचं घोड्याचं मांस पाठवलं. अख्खी मांडी! घरच्या फ्रिजमध्ये मावेना. लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये कोंबली. जागा करायला तिथली औषधाची डबी काढून तात्पुरती खिडकीत ठेवली. बाहेर बर्फ आहे, काचेपाशी गारच असणार.

८ डिसेंबर
पेशींना पहिला डोस. खिडकीपाशीच बसतो हल्ली. खाली हीटर, पाठ मस्त शेकते.

१० डिसेंबर
एकही मेली नाही. उलट वाढल्यात. नव्या पेशी, बुजल्या असतील.

१३ डिसेंबर
डोस दुप्पट. पेशीही दुप्पट. आसेल म्हणाली, येर्मेकदादा, औषध एकदा तपासून बघा ना. म्हटलं, तू तुझं बघ. वयाने लहान, पण आगाऊपणा केवढा!

१५ डिसेंबर
आईला फोनवर सांगून टाकलं, मी साहेब झालो. औपचारिकताच उरली आहे. तिने एव्हाना गावभर केलं असेल.

१९ डिसेंबर
डोस दहापट. रात्रीतून मरतील. भाषण पाठ केलं. कोट इस्त्रीला दिला.

२० डिसेंबर
मॅडम सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, इतक्या टवटवीत पेशी मी उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत. मी आभार मानले. आसेलच्या सगळ्या मेलेल्या. लोखंड काढून घेतलं की जगतात, हेही तिने दाखवलं. प्रमुख ती. मी यापुढे सगळ्यांसाठी पेशी वाढवायच्या.

आसेलने खिडकीतली माझी डबी उचलली आणि लगेच दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, दादा, इथे अंडी ठेवली असती तर पिल्लं निघाली असती.

मग मॅडमनी फ्रीजर उघडला. मला वाटलं, आता नोकरीही गेली. पण हसल्या, आणि मांडी शिजवून आसेलच्या बढतीची मेजवानी ठरली, माझ्याच घरी. संध्याकाळी मानाचा तुकडा मीच कापून आसेलला वाढला. तिने ताट पुन्हा पुढे केलं.

रात्री आईचा फोन. साहेबांना मांस आवडलं का, विचारत होती.

म्हटलं, साहेबांनी दोनदा मागून घेतलं.