सोरेन्सनबंदी

५ नोव्हेंबर १९९०, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच. ड्वाइट सोरेन्सन, मुक्काम मिनियापोलिस. या माणसाने माझं काय काय केलं त्याची तारीखवार नोंद हवी. पुढेमागे उपयोगी पडेल.

नोंद पहिली. गेल्या आठवड्यातली बैठक. आमच्या टेलिफोन कंपनीची नवी जलद डेटा सेवा येतेय, चाचणी म्हणून समितीची मेल आत्ताच तिच्यावरून चालते. टेलिफोनसारखेच नंबर, पण त्यांवर माणसांऐवजी कॉम्प्युटर बोलणार. तिच्यावर इंटरनेट कसं चालवायचं याचे नियम आमची समिती लिहितेय. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याचा नंबर कुठून सापडणार, हा कळीचा मुद्दा. माझी योजना: एकच मुख्य नोंदवही, न्यू जर्सीत, आमच्या एक्स्चेंजमध्ये. ज्याला नंबर हवा त्याने तिथे विचारावं. स्वच्छ काम. सोरेन्सनची योजना: सगळ्यांना एकदम हाक मारायची, ज्याचा नंबर असेल तो ओ देईल. म्हणजे गल्लीत उभं राहून बोंबलणं. याला हल्ली इंजिनिअरिंग म्हणतात.

आमच्यात मतदान नसतं. पसंत असेल त्याने तोंड मिटून 'हंऽऽ' करायचं. ज्याचा हुंकार मोठा, ते मान्य. माझ्या वेळी नेमका एसी सुरू झाला, त्यामुळे ऐकू आलं नाही. सोरेन्सनच्या वेळी खोली घुमली. त्यातला निम्मा आवाज त्याचा स्वतःचाच. चर्चमध्ये गातो म्हणे. हा सरळसरळ गैरफायदा आहे.

वर नंतर जवळ येऊन म्हणतो, हार्लन, वाईट वाटून घेऊ नकोस हं, कल्पना फार छान आहे तुझी, फक्त चालायची नाही. आणि हसला! मिनेसोटाची माणसं अशीच. साखरेत घोळून मारतात.

६ नोव्हेंबर

समितीच्या अध्यक्ष प्रिसिला गार्व्हर यांचा फोन. बाई न्यायी आहेत. माझी योजना मसुद्यात राहतेय, कलम चार. पहिल्या पानावर लेखकांमध्ये माझं नाव. उद्यापासून दोन आठवडे शेवटची मुदत. कोणाला हरकत असेल त्याने मेलवर सगळ्यांना कळवायची, लेखकाने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. गप्प बसला त्याची संमती धरणार. मुदत २१ तारखेला संध्याकाळी पाचला संपणार.

बावीस वर्षं या कंपनीत काढली. पहिल्या पानावर नाव एकदाही नाही. 'सहकार्य' म्हणून तीनदा आलं, त्यात एकदा हॅरोल्ड म्हणून. या वेळी नाव येणार, आणि सोरेन्सनच्या वर येणार.

निश्चय: कोणाच्याही हरकतीला चोवीस तासांत उत्तर. कॉफी दिवसाला दोनच.

८ नोव्हेंबर

पहिली हरकत. कोणाची ते लिहायलाच नको. आठ ओळी, त्यात 'कृपया' दोनदा आणि 'माझंच चुकत असेल' एकदा. असल्या नम्रपणाने माझं डोकं फिरतं.

सूड. यावर दिवसभर विचार केला. कॉफी पाच.

क) त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या डीनला पत्र. नको, डीन त्याचा मेव्हणा निघायचा.
ख) पुढच्या बैठकीत त्याच्या वेळी जोरात खोकायचं. मार्चपर्यंत थांबावं लागेल.
ग) सापडलं! आमच्याच सेवेत सोय आहे. नंबरांची यादी एक्स्चेंजला द्यायची, त्याप्रमाणे तिथले लोक पुढचं पाहतात: कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारातूनच परत पाठवायचं. सोरेन्सनचा नंबर यादीत. त्याने बसावं तिकडे टकटक करत.

बाकीच्यांच्या हरकतींना मी सविस्तर उत्तरं देईन. त्याचीच तेवढी मला पोचलेली नसेल. न पोचलेल्या पत्राला उत्तर कोण देतो?

९ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी २

एक्स्चेंजवर यादी घालणारा माणूस व्हिन्स डिपालो. त्याचा फोन. फॉर्म मिळाला, पण खाली एक टिक करायची राहिलीय म्हणाला. मी म्हटलं, व्हिन्स, नंबर दिलाय ना? मग घाल यादीत. तुला पगार फॉर्मवरच्या खुणा मोजायचा मिळतो का? तो म्हणाला, बरं बाबा, राजा तू. दोन वाजता यादी लागू.

दोन वाजून पाच मिनिटं. किती शांत वाटतंय.

१२ नोव्हेंबर

अद्भुत. समितीत सत्तावन्न माणसं आणि तीन दिवसांत एकाचीही हरकत नाही. साधं पत्रही नाही. बाकीच्या चर्चासुद्धा थांबल्या. माझं कलम चार वाचून सगळे विचारात पडले असणार.

मात्र ८.४० ला सोरेन्सनचं पत्र आलं. यादीत असून! नक्की कुठल्या तरी चोरवाटेने घुसला. उघडलंसुद्धा नाही. 'रद्दी' नावाचा फोल्डर केला, त्यात टाकलं.

सत्तावन्नात एकटाच भुंकतोय. एकटा पडलाय.

१४ नोव्हेंबर

सोरेन्सनची आणखी तीन पत्रं. रद्दी.

शिवाय त्याने फोन केला. आमची सेक्रेटरी मरीन दारात येऊन म्हणाली, मिस्टर व्हॅनेस, मिनियापोलिसहून फोन आहे, महत्त्वाचं आहे म्हणतात. सांग, मी मीटिंगमध्ये आहे. मरीन म्हणाली, कोणाबरोबर सांगू? डोनटबरोबर? जाता जाता असंही म्हणाली, की बिचारे किती अदबीने बोलतात, नाहीतर या मजल्यावरचे काहीजण. कोण काहीजण ते तिने सांगितलं नाही. शिपिंग विभागातला फ्रँक असावा.

१६ नोव्हेंबर

सोरेन्सनच्या विभागाला दुसराही नंबर आहे असं कळलं. हीच ती चोरवाट! तोही यादीत घालायला व्हिन्सला कळवलं. व्हिन्स म्हणाला, हा तुझा भलताच जिगरी दोस्त दिसतोय रे. टोमणा समजला. मी म्हटलं, आहेच, दोघं एका ताटात जेवतो. व्हिन्स म्हणाला, मग बरोबर आहे. जर्सीच्या लोकांना टोमण्याचं चांगलं अंग आहे.

दुपारी सोरेन्सनची दोन पत्रं. दुसऱ्या नंबरवरून.

१९ नोव्हेंबर

अजून एकही हरकत नाही. समितीला आभाराचं पत्र पाठवलं: 'आपल्या शांत पाठिंब्याने मी भारावलो आहे.' मशीनने कळवलं की पत्र अजून पोचलं नाही, प्रयत्न चालू आहेत. समितीची पत्रं सगळ्यांना वाटणारं मशीन फिलाडेल्फियाला आहे. फिलाडेल्फियाकडून मी कधीच फार अपेक्षा ठेवली नाही.

निश्चय: जिंकल्यावर मन मोठं ठेवायचं. सोरेन्सनला मार्चमध्ये हात मिळवू द्यायचा. सैल.

२१ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ५.०१

संपली मुदत. एक हरकत नाही! पहिल्या पानासाठी फ्रेम आणली. अक्रोडाच्या लाकडाची, काचेसकट. मरीनला दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण आत काय घालणार? म्हटलं, नाव. ती म्हणाली, मिनियापोलिसवाले आजही दोनदा येऊन गेले फोनवर, दुसऱ्यांदा तर आवाज रडवेला होता. रडवेला! हा शब्द मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

रद्दीत एकूण एकवीस पत्रं.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

बहिणीकडे, ट्रेंटनला. टर्की कोरडी. टेबलाभोवती प्रत्येकाने कशाबद्दल आभारी आहे ते सांगायचं असतं. मी शत्रूच्या पराभवाबद्दल आभार मानले. मेव्हणा म्हणाला, कोण, इराकी? सोरेन्सन म्हटल्यावर सगळे बटाट्याकडे वळले. बहिणीने विचारलं, त्या माणसाने केलं तरी काय? पूर्ण सांगायला पाऊण तास लागला. भोपळ्याचा गोड पाय टेबलावर तसाच गार झाला, इतका वेळ कोणी त्याला हातही लावला नाही, याचा अर्थ गोष्ट रंगली होती.

२६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०

टपालाने अंतिम मसुदा आला. पहिल्या पानावर माझं नाव नाही. कलम चार नाही. तीननंतर एकदम पाच. पाच म्हणजे हाका मारणं.

१०.२०. प्रिसिला बाईंना फोन. आवाज चढवला. त्यांनी चढवू दिला, मग म्हणाल्या, हार्लन, तुझ्यावर तीन हरकती आल्या, दोन आठवडे झाले, तुझं स्वतःचं एक अक्षर नाही. मी म्हटलं, मला एकही मिळाली नाही. त्या म्हणाल्या, आमची पत्रं परत येत होती खरं. पण सोरेन्सनचं प्रत्येक पत्र तुझ्याकडे पोचत होतं, त्याच्या मशीनवर नोंद आहे. आम्ही समजलो, तू फक्त त्याच्याशीच बोलायचं ठरवलंस. त्याने आठवडाभर मुदत वाढवून मागितली तुझ्यासाठी. मी नाही म्हटलं.

१०.४५. व्हिन्स. म्हणाला, हार्लन, टिक नसेल तर यादीतल्यांनाच आत घ्यायचं, बाकी सगळं जग बाहेर. तुझी जाणारी पत्रंही तशीच. फॉर्मच्या मागे छापलंय. मी विचारलं, हा नियम केला कोणी? खाली सही तुझीच आहे म्हणाला, अठ्ठ्याऐंशी सालची. सुरक्षेसाठी. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ ती यादी. तर नवा फॉर्म, आणि दहा कामाचे दिवस.

मग कोणावर सूड घ्यायचा याची यादी करायला बसलो. नावं सुचेनात.

२७ नोव्हेंबर. दुपारी

रद्दी उघडली. क्रमाने वाचली.

पहिलं: हार्लन, इतरांची पत्रं तुला पोचत नाहीत असं दिसतं, माझीच कशी पोचतात कळत नाही, जरा बघशील का. सहावं: तीन हरकती आल्यात, खाली उतरवून पाठवतोय. अकरावं: पहिल्या दोन्हींची उत्तरं मला सुचली, तुझ्या नावाने सगळ्यांना पाठवू का? तेरावं: वेळ कमी होता, पाठवली, रागावू नकोस. सतरावं: तू आजारी तर नाहीस ना? विसावं: मुदत वाढवून मागितली, जमलं नाही, मला फार वाईट वाटतं. एकविसावं: सणाच्या शुभेच्छा.

अठरा दिवस जगात एकच माणूस माझ्यापर्यंत पोचत होता आणि मी त्याला रद्दीत टाकत होतो. हे लिहायला लाज वाटते. लिहिलं.

माझं पत्रही अजून दहा दिवस फक्त त्यालाच जाणार. म्हणून त्यालाच लिहिलं. झाला प्रकार सांगितला, राहिलेल्या टिकसकट. माझी विनंती बाईंकडे पोचव, कलम चार पुन्हा मसुद्यात घालायला सांग.

सहा मिनिटांत उत्तर. तू बरा आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. मसुदा शुक्रवारी छापायला जाणार, अजून वेळ आहे, मी आत्ताच प्रिसिलाशी बोलतो, तुझ्या बाजूने बोलतो. फक्त तिसऱ्या हरकतीचं उत्तर मला सुचलं नव्हतं, तेवढं पाठव. हरकत अशी: सगळे नंबर जर एकाच ठिकाणच्या नोंदवहीत असले आणि तिथे कोणी चुकून एखादी गोष्ट भरायची विसरला, तर बाकीच्यांनी एकमेकांना शोधायचं कसं?

३.१५. विचार करतोय.

४.००. कॉफी चार.

४.५०. सोरेन्सनला कळवलं. कलम पाच राहू दे. माझी हरकत नाही.