अक्काचं पोट बोललं

सोलापूर, चैत्र, शके १८५३. मंगळवार, संध्याकाळ.

अक्का वाचली! हिवतापावर घेतलेलं कोयनेल माझ्या या थोरल्या बहिणीच्या अंगावर उठलं. कातडी सोलली, शौचाला रक्त पडू लागलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टरांनी कोयनेल बंद केलं. म्हणाले, आतडंही आतून सोलवटलंय. वारा सरला तरच आशा.

आज रक्त नव्हतं. आणि दुपारी त्या फुगलेल्या पोटातून असा आवाज निघाला की मी उठून उभाच राहिलो आणि हसत सुटलो.

"हसतोस काय, मेल्या?" अक्का लाजली.

डॉक्टर खूश. "अक्का, पुन्हा एकदा!"

"तुमच्या घरी येऊन सोडते की!"

डॉक्टरांनी चाचपलं, तर पोट मऊ लागलं. माझ्या वर्तमानपत्राचा उद्याचा अग्रलेख? एक ओळही झाली नाही. पहिल्या पानावर छापावी अशी बातमी हीच, पण छापली तर बरी झालेली अक्का मला जिवंत ठेवायची नाही.