फिल्मवरची चिठ्ठी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू काढलेल्या दोन्ही दाढांच्या जागा छान भरल्यात, कळ मात्र हलायला तयार नाही. फळ्यावर लिहिता लिहिता वर्गाकडे मान वळवली की कानाखालून जबड्यात सुरी फिरते. घोट गिळतानाही तेच. तीन वर्षांत तुला दहादा सांगितलं असेल. मनाचे खेळ आहेत म्हणालास, मग सांगणंच सोडलं. आता मुख्याध्यापिकाबाईंनी मला वर्गावरून काढून ग्रंथालयात बसवलंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंना तू सुरुवातीला काढलेला जबड्याचा मोठा एक्स-रे हवाय, तेवढा पाठव. आणि गाल फुगवून बसू नकोस.

लोभ आहेच, वाढवायला आता जागा नाही.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक्स-रे सोबत आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

बाकी पेशंटची नावं मी फिल्मच्या खालच्या काठावर बारीक लिहितो. तुझ्या फिल्मच्या कोपऱ्यात मात्र कौतुकानं भलीमोठी चिठ्ठी डकवली होती, 'आमची ताई'. काल ती सोलली, तेव्हा तिच्याखाली काय झाकलं होतं ते दिसलं. कानाखाली एक बारीक हाड असतं, इंचभर. तुझं दुप्पट लांब आहे. मान वळली, घोट घेतला की ते नसेला टोचतं. हे फार क्वचित होतं, असं म्हणून मी हात झटकलेही असते. पण ते माझ्याच चिठ्ठीखाली होतं गं. दोन धडधाकट दाढा मी उपटल्या, वर तुलाच वेड्यात काढलं. दवाखान्यात कुणी तोंड उघडलं की मला तूच दिसतेस.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. काल मान दोन्हीकडे वळवून पाहिली. काही म्हणजे काही झालं नाही. मग ढसाढसा रडले.

आता माझंही ऐक. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरबाईंनी घशात बोट घालून ते हाड चाचपलं होतं, स्कॅन करा म्हणाल्या होत्या. मी केलं नाही. घरात दातांचा डॉक्टर असून बाहेर दाखवलं हे कळलं तर तुला लागेल, म्हणून तुला बोललेच नाही. दुसरी दाढ तू त्यानंतर काढलीस. ती माझ्या खात्यात घाल.

डावीकडची एक दाढ खरोखरच किडली आहे. बाईंनी दुसरा दंतवैद्य सुचवला. माझा भाऊ आहे, म्हटलं. रविवारी येते. फक्त तोंड उघड म्हणण्याआधी मला बोलू दे.

तुझ्याच लोभातली,
ताई