घर, बाके आणि संत अंतोनी यांची व्यवस्था

मी, व्यंकटराव पौलस सूर्यवंशी, वय वर्षे ७८, धर्म ख्रिस्ती (प्रोटेस्टंट), निवृत्त गणित शिक्षक, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कमी दिसते, त्याहून कमी ऐकू येते, पण मी काय लिहितो आहे ते मला समजते. मला कोणी धमकावलेले नाही, फूसही लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते व बँकेतील ठेव माझी एकुलती मुलगी विशाखा, राहणार नांदेड, हिला द्यावी. रस्त्याकडील मोठ्या खोलीत मी सतरा वर्षे बारावीचे गणिताचे क्लास घेतले. ती खोली भाड्याने द्यायची झाल्यास क्लासवाल्यांना देऊ नये. ते भिंतीला मुलांचे फोटो चिकटवतात आणि गिलावा जातो.

२. क्लासमधील बाके, फळा व लाकडी कंपास किनवटच्या आश्रमशाळेस द्यावे. तिसऱ्या बाकाचा पाय लंगडा आहे, तो आधी सांगून द्यावा.

३. माझी बाजाची पेटी आमच्या चर्चच्या मंडळीस द्यावी. ती किशनराव लोंढे यांनी वाजवू नये. त्यांना सूर नाही.

किशनराव हे मंडळीचे पंच. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. संतांकडे मागणे हा भ्रष्टाचार आहे, असे ते दर महिन्याला सांगत. मलाही तेच मान्य होते व आहे. माझ्या क्लासला प्रवेश परीक्षेवर मिळे, वशिला चालत नसे. १९९७ साली किशनराव स्वतःच्या मुलासाठी एका नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आले. मी विचारले, "किशनराव, मध्यस्थ एकच ना?" ते चहा न पिता गेले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी मला पंचमंडळातून काढले. त्याचे कारण पुढील कलमात आहे. त्यांना जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यांचे बरोबर होते. मी त्यांना क्षमा केली आहे. पेटीची अट मात्र कायम आहे.

४. संत अंतोनीची मूर्ती, उंची एक वीत, प्लास्टरची, डाव्या हाताचे बोट तुटलेले. ही मिळकत माझी नाही. माझी पत्नी कै. सिंधु हिची आहे. हिच्याबद्दल जास्त लिहावे लागेल.

१९९३ च्या भूकंपात सिंधुची आई किल्लारीजवळच्या गावी घराखाली गेली. आम्ही दोघे तीन दिवस त्या ढिगाऱ्यावर होतो. मी थेट देवाकडे प्रार्थना केली. सिंधुला शास्त्रातली वचने म्हणून दाखवली. ती म्हणाली, "वचनं मला पाठ हायेत. मला माय पायजे, पुरायला तरी." मी पुढचे वचन म्हटले. मदतीला आलेली मंगळूरकडची एक कॅथलिक सिस्टर तिच्याजवळ येऊन बसली. तिने वचन म्हटले नाही. तिने पिशवीतून ही मूर्ती काढली, हरवलेले शोधून देणारा हा संत म्हणून सांगितले आणि सिंधुचा हात धरला. त्या दुपारी आई सापडली. शोधून काढली ती जवानांनी, पहारीने. हे मी तेव्हाही सांगितले. सिंधुने ऐकून घेतले आणि मूर्ती घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

पुढे पाच वर्षे आमचा वाद चालला. मी म्हणायचो, मेलेला माणूस ऐकणार कसा? अंतोनी परदेशातला, त्याला मराठी येते का?

"तुमच्या देवाला येतं, मग त्याच्या शेजाऱ्याला का येऊ नये?"

"मध्यस्थ एकच, सिंधु."

"मग तुम्ही पाळकसाहेबांना कशाला म्हणता, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून?"

"ते जिवंत आहेत."

"अन् हे मेलेत का? मयतीत तर तुम्हीच सांगता, प्रभूत झोपलेले जिवंत हायेत. एक काय ते ठरवा."

मी ते ठरवले नाही.

जून १९९८ मध्ये पाळकसाहेब आमच्या घरी कुटुंबप्रार्थनेला येणार होते. त्या सकाळी मी मूर्ती उचलली आणि क्लासच्या माळ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांच्या पेटीत ठेवली. पाळकसाहेब गेल्यावर ती परत ठेवायची होती. मी ठेवली नाही. सिंधुने विचारले तेव्हा "मला काय माहीत" असे म्हणालो. हे खोटे होते. तिने पिठाचे डबे उपसले, गाद्या उलटल्या, शेजारच्या वीरण्णांच्या किराणा दुकानात रद्दी तपासली. मी क्लासमध्ये संभाव्यता शिकवत होतो.

अकराव्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती. रिकाम्या फळीकडे बघून म्हणत होती, "अंतोनीबाबा, दुसरं काही हरवलं तर तुला मागते. आता तूच हरवलास, तुला कुणाकडं मागू?"

मी पाणी न पिता परत आलो. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली असता मूर्ती फळीवर ठेवली.

ती आली, पिशवी खाली ठेवली, तिथेच बसली आणि म्हणाली, "आला." मग रडली. त्यानंतर माझ्याने सांगवेना.

तिने ही हकीकत वीरण्णांच्या पत्नी शिवकांताबाई यांना सांगितली. त्यांनी गल्लीला सांगितली. वर्षभरात माझ्या विद्यार्थ्यांच्या आया हॉलतिकीट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ लागल्या. हदगावहून एक बाई दोन बस बदलून आली. लातूरच्या गणिताच्या सरांचा निकाल अंतोनीमुळे लागतो, असे बोलले जाऊ लागले. पंचांनी मला बोलावले व चमत्कार कसा झाला ते विचारले. चमत्कार मी केला, हे सांगणे एवढाच माझा बचाव होता. तो मी मांडला नाही. त्यांनी माझे नाव खोडले.

जानेवारी २०१९ मध्ये सिंधुची किडनी निकामी झाली. दवाखान्यात मी तिला सगळे सांगितले.

ती म्हणाली, "ठाऊक हाय की. मूर्तीला खडू लागला होता."

"मग वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"मी अंतोनीबाबाला मूर्ती मागितलीच न्हाई. ज्यानं उचलली त्याला परत ठेवायची बुद्धी दे, असं म्हणले. झाली की न्हाई बुद्धी?"

मी चाळीस वर्षे गणित शिकवले. या सिद्धतेत चूक कुठे आहे ते मी अजून शोधतो आहे.

मूर्ती शिवकांताबाईंना द्यावी. त्यांची तिच्यावर माया आहे. ज्याला काही द्यायचे तो, किंवा त्याची पत्नी वा पती, साक्षीदार असू नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून वीरण्णांची सही घेतलेली नाही. ते रुसले आहेत. मूर्तीला विभूती लावू नये. लावल्यास माझी हरकत नाही. अंतोनीची असल्यास त्याने कळवावे.

५. माझा अंत्यविधी प्रोटेस्टंट रीतीने करावा व मला सिंधुच्या डाव्या बाजूस पुरावे. उजवीकडे पाण्याची टाकी आहे.

६. शेवटचे विशाखासाठी. तुझी आई जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी गेल्यावर माझ्याशी बोलत जावा." मी म्हणालो, मेलेल्यांशी बोलणे शास्त्रात बसत नाही. ती म्हणाली, "नुसतं बोला. मागू नका." त्याप्रमाणे मी रोज संध्याकाळी बोलतो. भाजी काय केली, कोण येऊन गेले, एवढेच.

गेल्या मार्चमध्ये तुझे ऑपरेशन होते. तुला आत नेल्यावर मी व्हरांड्यात बसून प्रथम देवाकडे मागितले, नेहमीप्रमाणे थेट. एक तास झाला, दोन झाले, कोणी बाहेर येईना. तेव्हा मी म्हणालो, "सिंधु, तूही जरा सांग त्याला."

हे मी कोणाला सांगितलेले नाही. संतांकडे प्रार्थना करण्यास माझा विरोध होता, आहे व मरेपर्यंत राहील. सिंधु संत नव्हती. त्यामुळे तो नियम तिला लागू होत नाही, असे माझे मत आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. कलम ४ लांबले आहे, पण कमी करण्याजोगे त्यात काही आढळले नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: व्यं. पौ. सूर्यवंशी

साक्षीदार:
१. अनंतराव देशपांडे, निवृत्त मुख्याध्यापक, लातूर
२. मल्लेश बिरादार, माजी विद्यार्थी, उदगीर

स्थळ: लातूर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२२