शनिवारच्या भेटीची बदललेली वेळ

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खोटं लिहायचं कारणच नाही.

प्रकृती उत्तम. मन प्रसन्न. घर मोठं वाटतं, पण ते मोठंच आहे. आधी माणसांमुळे लक्षात येत नव्हतं. बायको भावाकडे राहायला गेली त्याला बरेच महिने झाले. कायमची नाही. जरा हवापालट. खारू तिच्याबरोबर आहे. (खारू म्हणजे माझी मुलगी, चौथीत आहे. हे मला माहीत आहे, पण रोजनिशी कशी नीट असावी.)

नोकरी जोरात. राज्याच्या बाल व कुटुंब सेवा विभागाचा पाक्षिक अपडेट मी लिहितो, लोकांच्या फोनवर जातो तो. लसीकरणाची नवी ठिकाणं, पाळणाघरांचं अनुदान, दत्तक पालकांचं शिबिर, जे काय असेल ते. 'राज्यातली कुटुंबं एकत्र बांधणारा धागा म्हणजे हा अपडेट' असं वाक्य यावेळी सुचलं. साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, पाळणाघराचा पत्ता चुकलाय.

संकल्प: लवकर उठणे, व्यायाम, घरी स्वयंपाक, आणि बायकोला स्वतःहून फोन. शेवटचा सगळ्यात सोपा, म्हणून शेवटी ठेवला.

३ मार्च

गजर वाजला. बंद करायला बराच वाकलो. व्यायाम झाला.

५ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमचा अपडेट लहान मुलालाही कळला पाहिजे. मी म्हटलं, साहेब, लहान मुलं कशाला वाचतील? साहेब म्हणाले, मोठे तरी कुठे वाचतात. मग लाल पेनाने दुरुस्त केलेली प्रत हातात दिली. अंगावर गोवर उठल्यासारखी दिसत होती.

नवा संकल्प: दुरुस्त प्रत वाचायची नाही. फोनवर आलेलं तर अजिबात नाही. आपण लिहून मोकळं व्हावं. पुढे साहेब आणि त्यांचं नशीब.

७ मार्च, शनिवार

भेट केंद्रात खारूला भेटलो. वेगळे राहणारे आईवडील आणि मुलं यांच्यासाठी ही आपल्याच विभागाची सेवा. एक शनिवार सोडून एक, संध्याकाळी पाच ते सहा. भिंतीवर हत्ती, खाली प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या. मोठ्या माणसाला बसता येतं. उठणं ज्याचं त्याने बघावं.

पोचायला थोडा उशीर झाला. तसा बराच. पण दोष माझा नाही. इस्त्रीचा शर्ट सापडत नव्हता, आणि सापडला तेव्हा तो इस्त्रीचा नव्हता.

साप-शिडी खेळलो. फासा हरवलाय, त्यामुळे मनातला आकडा बोलायचा. खारू प्रामाणिकपणे एक-दोनच बोलत होती. मी जिंकलो. मग तिने विचारलं, बाबा, लाभार्थी म्हणजे काय रे? हल्ली चौथीला काय काय शिकवतात! मी व्यवस्थित समजावलं. ती म्हणाली, म्हणजे आपण का? मी म्हटलं, छे, आपल्याला कुठलाच लाभ नाही. दोघंही हसलो. मी जरा जास्त.

केंद्रावरच्या बाईंनी निघताना बाजूला घेतलं. म्हणाल्या, तुम्ही वेळेवर येत चला हो, पोरगी दाराकडे बघत बसते. मग म्हणाल्या, पुढच्या दोन्ही भेटी नीट झाल्या तर मे महिन्यात एक आठवडा ती तुमच्या घरी राहू शकेल. तिच्या आईची हरकत नाही.

एक आठवडा! घरी येईपर्यंत मी रस्त्याने चक्क शीळ घालत होतो. एक कुत्रा मागे लागला.

९ मार्च

खारूच्या खोलीची पाहणी. जुनी खाट तिला आखूड पडेल. नवी आणायची. पडदे धुवायचे. बायकोच्या कपाटात नुसते हँगर उरलेत. दार उघडलं की एकमेकांवर आपटून वाजतात. ते तसंच ठेवलं. तेवढाच आवाज.

१३ मार्च

खाट आली. सुट्या भागांची आहे. दुकानदार म्हणाला, जोडायला माणूस पाठवू का? मी म्हटलं, घरात माणूस आहे.

१४ मार्च

खाट जोडली. सहा स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी. शेजारच्या काकू ठोकाठोकी ऐकून आल्या. खाटेकडे बघून म्हणाल्या, हे टेबल छान आहे.

१७ मार्च

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने गंमत सांगितली. अपडेट कोण उघडतं हे म्हणे त्याला कळतं. बहुतेक लोक बघतही नाहीत. पण एक फोन असा आहे की प्रत्येक अंक उघडतो, सकाळी, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत जातो. मी नंबर बघितला.

बायकोचा!

 कॉम्प्युटरवाल्याला चहा पाजला, वर बिस्किटं. म्हणजे ती तोंडाने बोलत नाही, पण माझा शब्द न् शब्द वाचते. सकाळी उठल्या उठल्या! चहाच्या आधी! आता फोन करायची गरजच उरली नाही. पंधरा दिवसांनी एकदा बोलतोच आहोत आम्ही.

२१ मार्च, शनिवार

भेट. वेळेवर पोचलो! इतका वेळेवर की केंद्राला कुलूप होतं. बाहेर उभा राहून दोनदा केस विंचरले. खारू आली ती पळतच. मला बघून थबकली. म्हणाली, अय्या बाबा, तू आधी?

तिला खाटेबद्दल सांगितलं. उरलेले स्क्रूही दाखवले, खिशातच होते. ती म्हणाली, मला देशील? दिले. मग म्हणाली, पाळणाघरांच्या अनुदानाची तारीख वाढली ना रे? मी थक्कच. घरात आई मोठ्याने वाचून दाखवत असणार. असा संसार मोडतो होय कुठे?

बाई म्हणाल्या, एप्रिलपासून केंद्राची वेळ बदलतेय, आईशी स्वतः फोनवर बोलून पक्कं करा. चार तारखेची भेट महत्त्वाची आहे. मी म्हटलं, बाई, काळजी सोडा. वेळेचा बदल राज्याला कळवणाराच मी आहे.

२४ मार्च

केंद्राकडून टिपण आलं: नवी वेळ, शनिवारी दुपारी चार. अपडेटमध्ये घातलं. त्याच्याआधी मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छा, पोषण सप्ताह, दोन उद्घाटनं, त्यामुळे वेळ बाराव्या परिच्छेदात गेली. हरकत नाही. जिला वाचायचं ती शेवटपर्यंत वाचते.

तिच्यासाठी खास एक ओळही घातली: 'चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, असे विभागाचे मत आहे.'

२६ मार्च

साहेबांनी विचारलं, हे विभागाचं मत कधी झालं? ओळ गेली. दुरुस्त प्रत टेबलावर ठेवून म्हणाले, नीट बघून घ्या, बाकीही बदल आहेत. मी हो म्हटलं. प्रत उलटी केली आणि तिच्यावर कप ठेवला. संकल्प म्हणजे संकल्प.

२८ मार्च

खरं तर फोन करायला हरकत नव्हती. केला. मेहुण्याने उचलला. मी पटकन म्हटलं, सॉरी, राँग नंबर. तो म्हणाला, दाजी, आवाज ओळखला मी, बोला. मी पुन्हा म्हटलं, राँग नंबर, आणि ठेवला. आता तत्त्वाचा प्रश्न आहे.

१ एप्रिल

अपडेट गेला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, त्या फोनवर आजही सकाळीच उघडला, आणि या वेळी खालचा भाग दोनदा वाचला. बघा! बारावा परिच्छेद! मीटिंगमध्ये उगाचच हसत होतो. साहेबांनी विचारलं, बरं आहे ना?

३ एप्रिल

पडदे धुतले. आकसले. खालून अंगण दिसतं, ते चांगलंच. खाटेवर बसून बघितलं. कुरकुरली, पण टिकली. खारूचं वजन ते काय!

उद्या सकाळी केस कापायचे, शर्टाला इस्त्री, मग तिच्यासाठी रंगपेटी घ्यायची. दुपारी चारला खूप वेळ आहे. यावेळी सगळं कसं आटोपशीर.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी न्हाव्याकडे. दहालाच आटोपलं. सलूनच्या आरशात बघून वाटलं, अजून आहे माणसात काहीतरी. अकराच्या सुमारास रंगपेटीच्या दुकानात होतो. बराच वेळ लावला. छत्तीस रंगांची घ्यावी की चोवीस. छत्तीसची घेतली.

चारला केंद्रावर. दार अर्धं लोटलेलं होतं. बाई खेळणी कपाटात भरत होत्या. मला बघून त्यांच्या हातातला बाहुला तसाच राहिला. म्हणाल्या, आत्ता आलात?

मी म्हटलं, चारच वाजलेत.

बाई म्हणाल्या, अहो, अकराची वेळ होती. दुपारी ही जागा दुसऱ्यांना दिलीय, म्हणून तुमच्या साहेबांनीच फोन करून बदलून घेतली. अपडेटमध्ये आलंय की.

मी म्हटलं, मग त्या दोघी?

आल्या होत्या म्हणे. अकराच्या आधीच. तिच्या आईला वेळ बदलल्याचं माहीतही नव्हतं. ती अपडेट वगैरे काही वाचत नाही. वाचते खारू. रोज शाळेआधी आईचा फोन घेऊन बसते, आणि अपडेट आला की बाबांनी लिहिलंय म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत. अडलेले शब्द वहीत काढते. तिनेच आईला सांगितलं, अकराला जायचंय. आई म्हणाली, बाबांना फोन करून विचारूया का? तर खारू म्हणाली, त्यांना काय विचारायचं, त्यांनीच तर लिहिलंय.

एक वाजेपर्यंत बसल्या. साप-शिडी मांडून. फाशाऐवजी तिने स्क्रू आणले होते, सहा. जितके उभे राहतील तितकी घरं जायचं, असा खेळ तिने शोधलाय. दोघांच्याही सोंगट्या तीच चालवत होती. बाई म्हणाल्या, तुमची पुढे होती.

रंगपेटी बाईंकडे ठेवली. नको म्हणाल्या नाहीत. मे महिन्याचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

५ एप्रिल, रविवार

फोन केला. मी आहे, असंही सांगितलं. मेहुण्याने बहिणीला दिला. मला रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. त्याचंच फार वाईट वाटलं. म्हणाली, मला सवय आहे, तिला अजून झाली नव्हती. खारूला दे म्हटलं. मागे तिचा आवाज आला, नंतर आला नाही. बायको म्हणाली, सध्या नको म्हणतेय. मेमध्ये तिला माझ्या बहिणीकडे पाठवेन.

मी म्हटलं, छान, तिकडे हवा चांगली आहे.

नवी खाट दुपारी आपोआप बसली. कोणी हात लावला नव्हता.

६ एप्रिल, सोमवार

ऑफिसला गेल्या गेल्या टेबलावरचा कप उचलला. खालची प्रत सरळ केली. गोल डाग पडलाय, पण वाचता येतं. मग फोनवर अपडेट उघडला आणि तोही वाचला, पहिल्यापासून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवाला धावत आला. म्हणाला, अभिनंदन, यावेळी शेवटपर्यंत वाचणारे दोन झाले! दुसरा कोण ते मी सांगितलं नाही. त्याला चहा पाजला. बिस्किटं नाही.

बारावा परिच्छेद: 'शनिवारच्या भेटीची वेळ आता सकाळी अकरा आहे. मुलं वाट पाहतात. कृपया वेळेवर या.' मधलं वाक्य माझं नाही, साहेबांचं आहे. भाषा सोपी आहे. लहान मुलालाही कळते.